‘शुक्रतारा मंद वारा’ दोघांनी गाताना

मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर लाभलेले हे युगुलगीत घरच्या मैफलीसाठी बसवायचे असेल, तर पेटी उघडण्यापूर्वी ते नुसते मोठ्याने वाचावे. त्याची ओळ ‘गालगागा गालगागा गालगागा गालगा’ अशी (‘गा’ म्हणजे दोन मात्रांचे गुरू अक्षर, ‘ल’ म्हणजे एका मात्रेचे लघू), म्हणजे सात-सात-सात-पाच मात्रांनी चालते. या मोजणीत ‘पाण्यातुनी’ हा शब्द ‘पा’पाशी तुटतो आणि नवखा गायक नेमका तिथेच श्वास घेतो. श्वास ‘वारा’नंतर घ्यावा, म्हणजे पुढचे ‘चांदणे पाण्यातुनी’ अखंड राहते. ‘मिसळुनी’तली पहिली तिन्ही अक्षरे लघू आहेत, त्यामुळे त्यांवर भार न देता ‘नी’पर्यंत अलगद यावे.

ध्रुवपदात पुरुषाने ‘तू अशी’ आणि स्त्रीने ‘तू असा’ म्हणायचे असते. समूहाने गाताना हा भेद हमखास पुसला जातो, म्हणून कोणते ध्रुवपद कोण उचलणार हे आधीच ठरवून कागदावर खूण करावी. ‘जन्म हा’ या शब्दांनी संपणाऱ्या कडव्यानंतर लगेच ‘जवळी’ येते. पहिला ‘ज’ ‘जीव’मधला आहे, तर दुसरा ‘जहाज’मधला. मराठी मुलखाबाहेर वाढलेल्या मुलांकडून गाणे बसवून घेताना मी सर्वांत जास्त वेळ या दोन अक्षरांवर घालवतो आणि तो वाया गेला असे मला कधी वाटलेले नाही.

पट्टी दोघांना मिळून एकच घ्यावी लागते. अंतऱ्यातली सर्वांत उंच जागा दोघांनीही गाऊन पाहावी आणि ज्याचा आवाज ताणला जाईल, त्याच्या सोयीने पट्टी उतरवावी.

अरुण दाते मूळचे इंदूरचे, रसिक म्हणून ख्यातनाम असलेल्या रामूभैया दाते यांचे पुत्र. कवितेचा अर्थ श्रोत्याच्या कानाशी सांगावा, तसे ते गात. त्यांची नक्कल करू पाहणारे लकबी पटकन उचलतात, पण घेण्याजोगा आहे तो त्यांचा संयम: अंतऱ्यात स्वर चढला तरी आवाज मोठा होत नाही. म्हणून पहिले काही सराव ध्वनिक्षेपकाशिवाय, समोरासमोर बसून करावेत आणि तिसऱ्या माणसाला खोलीच्या दारापाशी उभे करावे. त्याला सूर ऐकू येऊनही शब्द कळत नसतील, तर आवाज न वाढवता व्यंजने अधिक स्पष्ट उच्चारावीत.