एरर आपोआप जाता कामा नये: अलर्टचा कंपोनंट बनवण्याआधीची तयारी

मागच्या द्राक्ष हंगामात जे करून ठेवलं ते पुन्हा होऊ नये, म्हणून ही यादी. नाशिकजवळ दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊससाठी (द्राक्षं तोलून, भरून पाठवायची जागा) वजनाच्या नोंदींचं वेब ॲप केलं होतं. क्रेट काट्यावर ठेवायचा, आकडा टाइप करायचा, एंटर. मेसेज दाखवायला एकच अलर्ट कंपोनंट (एकदा बनवून जागोजागी वापरायचा तुकडा), सगळ्या स्क्रीनवर तोच, आणि चार सेकंदांनी आपोआप गायब होणारा. हिरवा असो की लाल, चार सेकंद. तेव्हा फार नीटनेटकं वाटलं होतं.

दुपारी नेट गेलं. काट्यावर बसलेल्या ताईंची नजर आकड्यावर, मग पुढच्या क्रेटवर. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात लाल पट्टी आली, चार सेकंद थांबली, गेली. खाली फॉर्म रिकामा झालेला, म्हणजे नोंद झाली असंच कुणालाही वाटणार. संध्याकाळी काट्यावरून गेलेले क्रेट २१२ आणि डेटाबेसमध्ये १७१. कंटेनर रात्रीच न्हावाशेवा बंदराला निघायचा होता. कुठले ४१ राहिले ते कळायला मार्गच नव्हता, म्हणून सगळे २१२ प्रीकूलिंगच्या थंड खोलीतून काढून पुन्हा काट्यावर चढवले. मीही चढवले. "दादा, मी एंटर दाबलं होतं हो," असं त्या ताई तीनदा म्हणाल्या. दाबलंच होतं त्यांनी.

तर आता नवीन काम घेताना, एडिटर उघडायच्या आधी वही घ्या. ॲपमध्ये कुठे कुठे मेसेज येणार ते सगळे लिहून काढा. प्रकार चार पुरतात: झालं, माहिती, सावध, चुकलं. पाचवा सुचला तर तो या चारपैकीच कुठला तरी असतो. प्रत्येक मेसेजमध्ये काय झालं आणि आता काय करायचं, हे दोन्ही हवं. 'काहीतरी चुकले' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला काट्यावर बसवायला हवं. 'नोंद सेव्ह झाली नाही, नेट नाही. आकडा तसाच ठेवला आहे, पुन्हा पाठवा' असं लिहा. काय चुकलं ते सर्व्हर एका आकड्याने कळवतो: ४०१ आला तर पुन्हा लॉगिन करायला सांगा, ४०९ आला तर हीच नोंद दुसऱ्या कुणी बदलली आहे हे सांगा, ४२२ आला तर कुठला रकाना चुकला ते सांगा. ५०० ला, म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड, वापरणाऱ्याच्या हातात काही नसतं, तिथे निदान तुमचा फोन नंबर द्या.

त्याच वहीत, त्याच पानावर, टायमरचा रकाना आखा. 'झालं' ला पाच-सहा सेकंद चालतील. 'चुकलं' समोर शून्य लिहा, म्हणजे टायमरच नाही. माणूस स्वतः बंद करेल किंवा तेच काम यशस्वी होईल, तोपर्यंत पट्टी हलणार नाही. कंपोनंटची मूळ सेटिंगच अशी ठेवा की कुणी काहीच सांगितलं नाही तर मेसेज थांबून राहील. घालवायचा असेल त्याने मुद्दाम वेळ लिहावी. मी उलटं केलं होतं. मूळ सेटिंग चार सेकंद, आणि एररला ती बदलायची हे तीस ठिकाणी लक्षात ठेवायचं. तीसपैकी एकाही ठिकाणी लक्षात राहिलं नाही. पुन्हा वापरायच्या कंपोनंटचं हेच आहे: एकदा नीट केलं तर सगळीकडे नीट, एकदा चुकलं तर सगळीकडे चूक.

ज्या मेसेजला टायमर आहे तोही माऊस वर असताना किंवा कीबोर्डचा फोकस (की दाबली की जिथे परिणाम होईल ती जागा) आत असताना थांबला पाहिजे. वेळेची मर्यादा वापरणाऱ्याला बदलता यावी, ही डब्ल्यूसीएजीची (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीची) २.२.१ क्रमांकाची अट आहे, आणि ती सगळ्यात खालच्या 'ए' पातळीची आहे. वाचायला कोणाला किती वेळ लागतो हे आपण आपल्या वेगावरून ठरवतो, तिथेच घोळ होतो.

आता मार्कअप, म्हणजे पानाची एचटीएमएलमधली रचना. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचणारा प्रोग्राम) वापरणाऱ्याला मेसेज ऐकू यायला हवा, आणि त्यासाठी मेसेजचा रिकामा डबा वेब पान उघडतानाच पानात असायला हवा. मेसेज आला की त्या डब्यात मजकूर टाकायचा. डबा आणि मजकूर एकदमच आणला तर 'अलर्ट' रोल (डबा कशासाठी आहे हे स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) बहुतेक वेळा चालून जातो, पण 'स्टेटस' रोल बऱ्याचदा मुकाच राहतो. एररला 'अलर्ट', म्हणजे चाललेलं बोलणं तोडून लगेच वाचलं जातं. 'झालं' ला 'स्टेटस', म्हणजे बोलणं संपल्यावर. सगळ्यालाच 'अलर्ट' लावू नका. दर क्रेटला कुणी मध्येच ओरडलं तर माणूस वैतागून आवाजच बंद करेल. फोकस पळवू नका, तो आकड्याच्या रकान्यातच राहू द्या. 'हो की नाही' विचारायचं असेल तर तो अलर्ट नव्हे, डायलॉग आहे, म्हणजे उत्तर मागणारी चौकट, त्याचा कंपोनंट वेगळा.

एक बारीक जागा: तोच एरर लागोपाठ दोनदा आला तर मजकूर बदलत नाही, त्यामुळे स्क्रीन रीडर दुसऱ्यांदा गप्प, आणि डोळ्यांनाही काही हललेलं दिसत नाही. डबा रिकामा करून मग पुन्हा भरा, किंवा 'दुसऱ्यांदा' असं मेसेजमध्येच येऊ द्या. मात्र एकाखाली एक दहा पट्ट्या रचू नका.

आणि एरर आपोआप जात नाही ना? पुन्हा बघा. मी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) वापरली होती, आणि चार सेकंद तिच्या मूळ सेटिंगमध्ये होते. तुमच्याही असतील.

रंग: लाल-हिरव्यात फरक न दिसणारी माणसं असतात, म्हणून चिन्ह आणि शब्द दोन्ही हवेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) निदान ४.५ ला १. पिवळ्यावर पांढरं कधीच नाही. पॅकहाऊसच्या दारातून उन्हाची तिरीप स्क्रीनवर पडते, तिथे तर मुळीच नाही.

मराठी मजकुराचं वेगळं दुखणं आहे. इंग्रजीवर बेतलेल्या ओळीच्या उंचीत वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. ओळीची उंची दीडपटीच्या पुढे ठेवा, डब्याला ठरावीक उंची देऊ नका, आणि तीन टिंबं देऊन वाक्य तोडू नका. तोडलेला भाग नेमका 'झाली नाही' हाच असतो, कारण आपल्याकडे नकार शेवटी येतो. 'नोंद सेव्ह…' एवढं वाचून ताई पुढचा क्रेट घेणार. पानाच्या भाषेत 'एमआर' लिहा, नाहीतर स्क्रीन रीडर कुठल्या आवाजात वाचेल सांगता येत नाही.

मेसेज साधा मजकूर म्हणूनच टाका, एचटीएमएल म्हणून नाही. शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात कुणी स्क्रिप्ट (ब्राउझर चालवतो तो कोड) लिहिली तर ती तुमच्या अलर्टमधून चालू शकते. कारण यापेक्षा जास्त सांगायची गरज नसावी.

नोंद फसली तर फॉर्म रिकामा करायचा नाही. हे अलर्टचं काम नाही असं म्हणाल, पण माझ्याकडे पट्टी गेली आणि फॉर्मही रिकामा झाला, दोघांनी मिळून ४१ क्रेट गिळले.

बंद करायच्या फुलीला स्क्रीन रीडर वाचेल असं नाव द्या, मोबाइलवर कीबोर्डखाली पट्टी जात नाही ना बघा, दुसऱ्या पानावर गेल्यावर जुना हिरवा मेसेज लटकत नाही ना तेही बघा. हलणारी ॲनिमेशनं नको असणाऱ्यांसाठी बंद करा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, उतरवून एकदा डोळे मिटून ऐका.

शेवटची चाचणी ऑफिसच्या फायबरवर करू नका. आमच्या इंदिरानगरात रस्ता खोदला की आधी नेटची केबल तुटते, त्यामुळे मला सोय आहे. तुम्हाला नसेल तर वायर काढा. आकडा टाका, एंटर दाबा, आणि उठून चहाला जा. टपरीवर गप्पा मारा, दुसरा कटिंग घ्या. परत आल्यावर लाल पट्टी तिथेच असली पाहिजे आणि आकडा रकान्यात.