नोरोव्हायरसच्या उद्रेकाचा माग काढताना या चुका टाळा

नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू. दोन ठिकाणच्या रुग्णांमधल्या विषाणूचे सिक्वेन्स (जनुकीय अक्षरांचा क्रम) तंतोतंत जुळले की अहवालात लगेच 'स्रोत एकच' असा शेरा पडतो. या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण त्या शेऱ्यानंतर खऱ्या स्रोताचा शोध थांबतो.

थोडा हिशोब करून पाहा. नेहमीच्या टायपिंगमध्ये (विषाणूचा प्रकार ठरवताना) ओआरएफ१ आणि ओआरएफ२ या जनुकीय भागांच्या सांध्यावरचा तुकडा वाचला जातो. जीआयआय या नोरोव्हायरस-गटासाठी तो ५७० न्यूक्लिओटाइडांचा (जनुकीय अक्षरांचा) असतो. नोरोव्हायरसच्या कॅप्सिड (बाहेरच्या कवचाच्या) जीनमध्ये दर हजार जागांमागे वर्षाला साधारण चार-पाच बदल साचतात. त्या वेगाने ५७० च्या तुकड्यात वर्षभरात दोन-तीन बदल होतील. हा भाग पी२ डोमेनइतका (कवचाच्या सर्वांत बाहेरच्या भागाइतका) चंचल नसल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी होतात. त्यामुळे चार महिन्यांच्या अंतराने, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन शहरांत हुबेहूब तोच तुकडा सापडू शकतो. त्या काळात सगळीकडे फिरत असलेला जीआयआय.४ सिडनी हा प्रकार असेल, तर जुळण्याचं नवल मुळीच वाटू नये.

संपूर्ण जीनोम, म्हणजे विषाणूचा सगळा जनुकीय क्रम, सुमारे ७,५०० न्यूक्लिओटाइडांचा असतो. त्याच वेगाने त्यात महिन्याला तीनेक बदल होतात, म्हणून जवळजवळचे उद्रेक वेगळे ओळखायला तो खरोखर उपयोगी पडतो. पूर्ण जीनोम जमत नसेल तर निदान पूर्ण व्हीपी१ (मुख्य कॅप्सिड प्रथिनाचा जीन) वाचा. जीआयआय.४ चा व्हेरिएंट छोट्या तुकड्यावरून ठरवणं धोक्याचं असतं, कारण प्रतिपिंडं जिथे बसतात ते पी२ मधले बदल त्या तुकड्यात येतच नाहीत. आणि पूर्ण जीनोम जुळला तरी संसर्ग कोणाकडून कोणाकडे गेला, ही दिशा सिक्वेन्स सांगत नाही. ती आजार सुरू झाल्याच्या वेळेवरून आणि संपर्कांवरूनच काढावी लागते.

सिक्वेन्सची खरी ताकद संबंध नाकारण्यात आहे. जीनोटाइप (जनुकीय प्रकार) वेगळे निघाले तर एकमेकांपासून लागण झाल्याची शक्यता जवळजवळ संपते. अपवाद सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचा आणि कालवांसारख्या शिंपल्यांचा. तिथे एकाच स्रोतातून तीन-चार जीनोटाइप एकदम येतात. अशा वेळी 'जीनोटाइप वेगळे, म्हणून स्रोत वेगळे' हा निष्कर्षही चुकतो.

फक्त कॅप्सिडवर विसंबणं

पॉलिमरेझ (विषाणूच्या प्रती काढणारं एन्झाइम) आणि कॅप्सिड यांचे टाइप स्वतंत्रपणे लिहायला हवेत: जीआयआय.४ सिडनी[पी१६] असे, चौकटी कंसात पॉलिमरेझ. ओआरएफ१-ओआरएफ२ चा सांधा ही रिकॉम्बिनेशनची (दोन विषाणूंच्या जनुकांच्या सरमिसळीची) आवडती जागा. २०१२ मध्ये पसरलेला सिडनी [पी३१] सोबत होता. काही वर्षांनी तेच कॅप्सिड [पी१६] सोबत फिरू लागलं. फक्त कॅप्सिड पाहणाऱ्याला ही अदलाबदल दिसलीच नसती. याच कारणाने दोन्ही भाग एकत्र जोडून एकच फायलोजेनेटिक झाड (विषाणूंचा वंशवृक्ष) काढू नका. दोन झाडं काढा. एखाद्या नमुन्याची जागा दोन्हींत वेगळी आली, तर आधी रिकॉम्बिनेशनचा आणि मिश्र संसर्गाचा विचार करा.

नमुने घेण्यातली घाई आणि उशीर

उद्रेकात एकाच रुग्णाचे पाच नमुने घेण्यापेक्षा पाच रुग्णांचा प्रत्येकी एक नमुना घ्या. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ ते ७२ तासांत घेतलेला शौचाचा नमुना उत्तम. स्वॅबमध्ये विषाणूचं प्रमाण कमी मिळतं आणि पुढे सिक्वेन्सिंग अडतं. नमुना ४ अंश सेल्सिअसला ठेवा, दीर्घकाळ साठवायचा असेल तर उणे ७० ला. त्याच नमुन्यावर जिवाणूंचीही तपासणी व्हायची असेल तर ते काम होईपर्यंत तो गोठवू नका. निदान दोन रुग्णांचे नमुने पॉझिटिव्ह आल्याशिवाय उद्रेक प्रयोगशाळेत सिद्ध झाला असं धरू नये. रुग्ण बरा झाल्यावरही शौचातून विषाणू दोन आठवडे आणि अधिकही बाहेर पडत राहतो. म्हणून स्वयंपाक करणारी व्यक्ती पॉझिटिव्ह निघाली एवढ्यावरून तिला स्रोत ठरवू नका, तिलाही तेच जेवण बाधलेलं असू शकतं. तिची लक्षणं कधी सुरू झाली, हा पहिला प्रश्न हवा.

निगेटिव्ह निकालावर डोळे झाकून विश्वास

शौचातले पित्तक्षार आणि पॉलिसॅकराइड आरटी-पीसीआर (विषाणूचं आरएनए शोधणारी चाचणी) अडवतात. संशय आला तर आरएनएचं दहापट डायल्युशन करून मूळ आणि पातळ केलेलं अशी दोन्ही एकत्र चालवा. सगळं ठीक असेल तर डायल्युशननंतर सीटी (किती सायकलींनंतर विषाणू दिसला तो आकडा) सुमारे ३.३ ने वाढतो. मूळ नमुन्याचा सीटी ३१ आणि डायल्युशनचा २९ आला, तर अडथळा नक्की आहे. एमएस२ फेज (तपासणीची खात्री करणारा निरुपद्रवी विषाणू) एक्स्ट्रॅक्शनच्या, म्हणजे आरएनए वेगळं काढण्याच्या, आधीच नमुन्यात मिसळा. नमुन्यात त्याचा सीटी निगेटिव्ह कंट्रोलपेक्षा दोन-तीन सायकलींनी उशिरा येत असेल, तर तो 'निगेटिव्ह' निकाल पाठवू नका, एक्स्ट्रॅक्शन पुन्हा करा. झटपट अँटिजेन किट मुळातच कमी संवेदनशील असतात, त्यांच्या निगेटिव्हवरून नोरोव्हायरस नाकारता येत नाही.

सॉफ्टवेअरने दिलेला सिक्वेन्स तसाच घेणं

क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंग यंत्राचा आलेख) स्वतः उघडून पाहा. एकाच जागी दोन शिखरं दिसली तर मिश्र संसर्ग असेल किंवा दूषितीकरण. जास्त सीटीच्या नमुन्याचा सिक्वेन्स त्याच प्लेटवरच्या कमी सीटीच्या नमुन्याशी शंभर टक्के जुळत असेल, तर मूळ शौचापासून पुन्हा सुरुवात करा. जुन्या आरएनएवर पुन्हा पीसीआर केल्याने काही सिद्ध होत नाही, कारण चूक एक्स्ट्रॅक्शनमध्येच झालेली असू शकते. नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंगमध्ये बारकोडची (नमुना ओळखण्याच्या जनुकीय खुणेची) गळती होते, म्हणून निगेटिव्ह कंट्रोललाही बारकोड देऊन शेवटपर्यंत चालवा. त्यात किती रीड (वाचलेले तुकडे) आले ते पाहूनच किमान मर्यादा ठरवा.

दिवसाच्या खान्यांत बसवलेला एपिकर्व्ह

एपिकर्व्ह म्हणजे वेळेनुसार रुग्णसंख्येचा आलेख. इन्क्युबेशन (लागण ते लक्षणं) १२ ते ४८ तासांचं. अशा आजारात एकेका दिवसाचे खाने केले तर एका जेवणातून झालेली लागण आणि त्या रुग्णांच्या घरच्यांना झालेली दुसरी लाट एकाच ढिगात मिसळतात. सहा-सहा तासांचे खाने करा. त्यासाठी रुग्णाला 'कोणत्या दिवशी' एवढंच विचारून भागत नाही, 'पहिली उलटी किंवा पहिला जुलाब किती वाजता' हे विचारावं लागतं. तक्त्यात लक्षणं सुरू झाल्याची वेळ, नमुना घेतल्याची तारीख आणि प्रयोगशाळेत पोचल्याची तारीख हे तीन वेगळे रकाने ठेवा. डेटाबेसमध्ये सिक्वेन्स टाकताना पोचल्याची तारीख चुकून नमुन्याची म्हणून गेली, तर झाडावरचं काळाचं सगळं गणित सरकतं.

प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांची नोंदही वेगळी हवी. त्यांच्या शरीरात विषाणू महिनोन्‌महिने राहतो आणि बदलत जातो. असा एक सिक्वेन्स झाडात खूण न करता मिसळला, तर लांब फांदी बघून नवा व्हेरिएंट आल्याची समजूत होते.