अंतराळयान जोडतात त्या स्वच्छ खोलीच्या हवेतले जंतू मोजताना

सॅम्पलर, म्हणजे हवा ओढून तिच्यातले जंतू पकडणारं यंत्र, दारापाशी ठेवू नका. माणसं यानावर वाकून काम करतात तिथे, त्यांच्या हातांच्या उंचीवर ठेवा. जंतू बहुतेक आपल्याच कातडीवरून येतात. मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारं यंत्र १० मिनिटं चाललं की एक घनमीटर झाला. आत टीएसए आगराची, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीची, प्लेट. झाकण काढल्यावर तिच्यावरून हात नेऊ नका. मी एकदा नेला आणि स्वतःचेच जंतू मोजत बसले! एक प्लेट यंत्र न चालवता परत आणा. तिच्यावर काही उगवलं तर अख्खी फेरी बाद. मग प्लेटा उलट्या, ३२ अंश सेल्सियसला, ७२ तास, मोजणी रोज. शून्य आलं तरी हुरळायचं नाही, कारण आगरावर न उगवणारे पुष्कळ असतात. आणि स्वच्छ खोलीतही जंतू तग धरतात: टर्सिकोकस फीनिसिस नावाचा जंतू तर अमेरिकेतल्या केनेडी अंतराळ केंद्रात आणि फ्रेंच गयानातल्या कुरूच्या अंतराळ केंद्रात, दोन्हीकडच्या स्वच्छ खोल्यांत सापडला.