छोट्या मशिनशॉपमध्ये नव्याने रुजू होताना

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत डिप्लोमा किंवा आयटीआय करून येणारी मुले बहुधा ‘इंडस्ट्री ४.०’ (कारखान्यांचे डिजिटलीकरण) पाठ करून येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना दिसते की इथे दिवसाचे उत्पादन पाठकोऱ्या कागदावर लिहिले जाते. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशिनिंग करणाऱ्या अशाच एका कारखान्यात मी उत्पादन सांभाळतो. माझ्या मते छोट्या कारखान्याला यंत्र जुने असण्यापेक्षा मोठा धोका असतो तो माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असण्याचा. सेटर, म्हणजे यंत्र कामासाठी जुळवून देणारा कारागीर, गावच्या जत्रेला गेला की कुठल्या जॉबला कोणता फिक्श्चर (भाग पकडून ठेवणारी पकड) आणि किती ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) हे सांगणारे कोणी उरत नाही, आणि अशा कारखान्याला संकट यायला पूरच यावा लागतो असे नाही.

पूर मात्र आमच्याकडे खरोखरच येतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पाण्याने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. अशा वेळी शेडमध्ये पाणी शिरले नाही तरी वीज जाते, माणसे पोहोचत नाहीत, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेली एक गोष्ट महत्त्वाची ठरते. बऱ्याच सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांचे पॅरामीटर (मूळ सेटिंग) आणि ऑफसेट ज्या मेमरीत असतात, ती वीजपुरवठा बंद असताना कंट्रोलमधील एका लहानशा लिथियम बॅटरीवर तग धरून असते. ती बॅटरी आधीच दुबळी झालेली असेल आणि यंत्र बराच काळ बंद राहिले, तर वीज आल्यावर पडद्यावर नुसते अलार्म दिसतात आणि कंपनीचा इंजिनिअर येईपर्यंत यंत्र उभे राहते. म्हणून नवख्याने पहिल्याच महिन्यात प्रत्येक यंत्राचे प्रोग्रॅम व पॅरामीटर मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून त्यांची दुसरी प्रत कारखान्याबाहेर, म्हणजे क्लाउडवर ठेवावी, आणि बॅटरी बदलल्याची तारीख यंत्रावरच चिकटवावी. बॅटरी बदलताना कंट्रोल चालू ठेवायचा असतो, नाहीतर जे वाचवायचे तेच पुसले जाण्याची भीती असते. या कामाला सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. तरीही ते करणारा माणूस शोधूनही सापडत नाही.

यंत्र प्रत्यक्षात किती वेळ चालते, हे कळण्यासाठीही लाखोंचा खर्च लागत नाही. यंत्राला जाणाऱ्या वायरभोवती करंट मोजणारा सेन्सर बसवला आणि त्याचे आकडे एका साध्या वाय-फाय बोर्डाने एक्सेल शीटमध्ये आणले, की यंत्र कटिंग करते आहे की नुसते उभे आहे हे समजते. आमच्याकडे हे बसवले तेव्हा ऑपरेटरांना साहजिकच वाटले की मालकाने पाळत ठेवली आहे. पण आकडे पाहिल्यावर दिसले की यंत्र थांबण्याचे मोठे कारण त्यांचा आळस नव्हे, तर इन्सर्ट (कापणारे पाते), गेज (माप तपासण्याचे साधन) आणि तपासणीसाठी वाट पाहणे हे होते. असे आकडे सर्वांत आधी ऑपरेटरलाच दाखवावेत, म्हणजे पुढची कारणे तो स्वतःहून सांगू लागतो.

हीट नंबरची, म्हणजे भट्टीतील एका वेळच्या ओतकामाला दिलेल्या क्रमांकाची, नोंद हा तितकाच कंटाळवाणा, पण पैसे वाचवणारा विषय आहे. ग्राहकाकडे एका कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूमुळे पडलेली पोकळी) निघाला आणि ते कोणत्या हीटचे हे सांगता आले, तर तेवढाच माल वेगळा काढता येतो; सांगता आले नाही, तर पूर्ण लॉट परत येतो आणि मागोमाग डेबिट नोट (आपल्या बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी).

पैशाची बाजू तरुण इंजिनिअर अकाउंटंटवर सोपवून मोकळे होतात, तसे करू नये. २००६च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांकडून माल घेणाऱ्याला करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी ठेवता येत नाही. ट्रेड्स या ऑनलाइन व्यवस्थेत ग्राहकाने मान्य केलेल्या बिलावर बँका बोली लावून आधीच रक्कम देतात. परंतु बिल मान्य व्हायचे तर चलन, डिस्पॅचची नोंद आणि ग्राहकाकडे पोहोचलेला नग जुळावा लागतो, आणि ती जुळणी शॉपफ्लोअरवरच बिघडते किंवा सुधारते.

शिकण्याचा क्रम विचाराल तर आधी एक्सेलमधील पिव्होट टेबल (आकड्यांचा सारांश काढणारा तक्ता), मग कंट्रोलच्या पडद्यावरून प्रोग्रॅम वाचणे, आणि त्यानंतर कॅड-कॅम (संगणकावर भागाचा आराखडा व यंत्राचा प्रोग्रॅम करणे). छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत कॅड-कॅमचे अभ्यासक्रम चालतात. कारखान्यात थोडे दिवस काढून तिथे गेलात, तर कोणते प्रश्न विचारायचे हे आधीच ठाऊक असते.