अलंकार वापरताना होणाऱ्या या चुका टाळा

शाळेत पाठ केलेल्या अलंकारांच्या व्याख्या कालांतराने विसरल्या जातात आणि लिहिणाऱ्याच्या हाताशी उरते ती केवळ ‘सारखा’, ‘जणू’, ‘म्हणजे’ या शब्दांची सवय. अशा सवयीने लिहिलेले वाक्य सजलेले दिसते, परंतु वाचकाच्या मनात त्यातून काहीच उभे राहत नाही. असे वाक्य दुरुस्त करायला घेताना मी आधी एकच गोष्ट तपासतो: उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) यांच्यातला साधारण धर्म, म्हणजे दोघांत समान असलेला गुण, कोणता, आणि या ठिकाणी मला तोच हवा आहे का?

‘आजीचे हात वडाच्या पारंब्यांसारखे होते’ हे वाक्य पहिल्या वाचनात बरे वाटते. मात्र पारंब्यांचे नेमके काय घ्यायचे? खरखरीतपणा, लोंबणे की वय? लेखकाने ते ठरवलेले नाही, म्हणून वाचकालाही ठरवता येत नाही. पारंबी जमिनीला टेकली की रुजते, हळूहळू जाड होते आणि दूरवर पसरलेल्या फांदीचा भार खोडाप्रमाणे पेलू लागते. हे ध्यानात घेऊन लिहिले, तर वाक्य असे होईल: ‘आजोबा गेल्यावर आजी रुजलेल्या पारंबीसारखी आमच्या घराला टेकू देऊन उभी राहिली.’ येथे उपमेयच बदलले, हे लक्षात घ्यावे. हात गेले आणि आजी आली. साधारण धर्म सापडला की पुष्कळदा असेच होते.

या दोषांचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भामह या प्राचीन संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यालंकार’ या ग्रंथात उपमेचे सात दोष नोंदवले आहेत आणि त्यांत उपमान हीन असणे, ते प्रमाणाबाहेर मोठे असणे, लिंग किंवा वचन न जुळणे, सादृश्यच नसणे यांचा समावेश आहे. दंडी या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने मात्र ‘काव्यादर्शा’त म्हटले की, जाणत्या वाचकाला खटकत नसेल, तर लिंग-वचनाचा भेद किंवा उपमानाचा कमीअधिकपणा हा दोष मानू नये. मला दंडीचे म्हणणे मराठीसाठी अधिक उपयोगी वाटते. ‘वहिनी म्हणजे या घराचा कणा’ यात लिंगभेद आहे, पण तो कुणालाही टोचत नाही. उलट ‘सैनिक मुंग्यांसारखे पुढे सरकले’ हे वाक्य शौर्य दाखवण्यासाठी लिहिले असेल तर फसते, आणि शिस्तबद्ध रांग दाखवायची असेल तर तेच योग्य ठरते.

‘सारखा’ हे शब्दयोगी अव्यय नामाच्या सामान्यरूपाला जोडूनच लिहावे. ‘मुला सारखा रडला’ असे तोडून लिहिले की क्षणभर ‘सतत रडला’ हा अर्थ डोकावतो आणि उपमा तिथेच अडखळते.

‘दवबिंदू जणू मोत्यांसारखे चमकत होते’ ही चूक तर जागोजागी आढळते. ‘सारखे’ साम्य सांगते, ती उपमा. ‘जणू’ उपमेय हेच उपमान असल्याची कल्पना करते, ती उत्प्रेक्षा. दोन्ही एकत्र आणल्यास कल्पना मागे खेचली जाते. एक तर ‘दवबिंदू मोत्यांसारखे चमकत होते’ असे लिहावे, किंवा धीटपणे ‘दवबिंदू म्हणजे जणू रात्र विसरून गेलेले मोतीच’ असे म्हणावे. परीक्षेत ‘वाटते’ दिसताच उत्प्रेक्षा लिहिणाऱ्यांनीही जपावे, कारण ‘मला वाटते, आज पाऊस येईल’ या वाक्यात उपमेयही नाही आणि उपमानही नाही.

रूपकाची, म्हणजे उपमेय आणि उपमान एकच मानणाऱ्या अलंकाराची, कसोटी त्याच्या क्रियापदात लागते. ‘व्यसनाची पाळेमुळे खणून हा वणवा विझवला पाहिजे’ या वाक्यात व्यसन आधी झाड आहे आणि लगेच आग आहे. झाड निवडले असेल तर खणणे, छाटणे, पुन्हा फुटणे हीच क्रियापदे शेवटपर्यंत राहू द्यावीत.

झिजलेल्या प्रयोगांबाबत मात्र सरसकट बंदी घालू नये. मम्मट या काव्यशास्त्रकाराने ११व्या शतकात सांगितले की, लक्षणेमागे, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ जुळत नसताना त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घेण्यामागे, रूढी (रुळलेला वापर) किंवा प्रयोजन (खास हेतू) असावे लागते. ‘सूर्य बुडाला’ ही रूढी आहे आणि ती टाळण्याचे कारण नाही. ‘दुःखाचा डोंगर कोसळला’ हेही आता रूढीतच जमा झाले आहे. शोकसंदेशात ते चालते, परंतु कथेच्या ऐन मर्मस्थानी लेखकाला प्रयोजन हवे असते आणि तिथे हा डोंगर हलका पडतो. त्याऐवजी ‘त्या रात्रीही आईने सवयीने पाच ताटे घेतली’ असे लिहून पाहावे. यात अलंकार नाही, दुःख हा शब्दही नाही, तरी व्यंजनेने, म्हणजे केवळ सुचवण्यातून, सारे कळते.

व्याजस्तुती आणि व्याजोक्ती यांची गल्लतही नेहमीची आहे. स्तुतीच्या आडून निंदा किंवा निंदेच्या आडून स्तुती ही व्याजस्तुती. खरे कारण लपवून दुसरेच पुढे करणे ही व्याजोक्ती. डोळे लाल का, असे विचारल्यावर सून ‘कांदा चिरत होते’ असे म्हणते, ही व्याजोक्ती होय. ती साधायची तर माहेरून आलेले पत्र तिने वाचल्याचे आधीच्या परिच्छेदात आलेले असले पाहिजे. नाहीतर तिने खरोखरच कांदा चिरला असे समजून वाचक पुढे जाईल.