बारवरची शिफ्ट: ब्रेक कसा मिळवायचा, मनगट कसं सांभाळायचं

पुण्यातल्या कॅफेंमध्ये मी आधी बारवर, म्हणजे कॉफी मशीनच्या काउंटरवर, उभी राहिले, मग शिफ्ट सांभाळली आणि आता नव्या मुलामुलींना ट्रेनिंग देते. पहिल्या आठवड्यात त्यांचे प्रश्न कॉफीचे असतात: ग्राइंड किती बारीक ठेवायचा, दूध किती तापवायचं, फेसात पान कधी उमटणार. महिना-दीड महिन्याने तीच मुलं बाजूला घेऊन विचारतात, "ताई, अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय, काय लावू?" मलम सांगण्याआधी मी उलट विचारते, काल ब्रेक किती वाजता घेतलास? बहुतेकांना आठवत नाही, कारण घेतलेलाच नसतो. शिफ्टला किती जण होतात, हे मात्र पटकन सांगतात.

बुडालेला ब्रेक, अपुरी माणसं आणि दुखरा हात या तीन वेगळ्या तक्रारी धरल्या की प्रत्येकीला वेगळं उत्तर मिळतं: "आज रश होता", "तो अचानक सुट्टीवर गेला", "व्यायाम कर जरा." तिन्ही एकत्र मांडल्या तरच मार्ग निघतो. ते कसं करायचं, तेवढंच इथे सांगते.

आधी माणसं मोजा

मध्यम आकाराच्या कॅफेत रविवार सकाळच्या शिफ्टला साधारण चार जागा लागतात: कॅश, बार, खाण्याचा काउंटर आणि फ्लोअर. एक जण आला नाही की फ्लोअरची जागा आधी उडते. मग कप धुणं, टेबल पुसणं, दुधाचा साठा वर आणणं हे सगळं बारवरच्या माणसाकडे येतं. टेकडीवरून उतरलेले आणि सायकली घेऊन आलेले लोक नऊपासून गर्दी करतात, शिवाय स्विगी-झोमॅटोचा टॅबलेट वाजतच असतो. कॉफ्या तेवढ्याच निघतात, पण दोन शॉटच्या मधे हाताला जी उसंत मिळते ती जाते. अंगठा आणि मनगटाच्या शिरा (रक्तवाहिन्या नव्हे, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) एका अरुंद नळीतून सरकत असतात. तीच हालचाल विश्रांतीशिवाय होत राहिली की तिथे सूज येते. दुखणं तिथून सुरू होतं.

म्हणून दोन आकडे वेगवेगळे पाहा: रॉस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावर, किती नावं होती आणि हजर किती होते. चार नावं आणि तीन हजर, म्हणजे त्या दिवसाची अडचण. पण रॉस्टरवरच तीन नावं असतील, आणि दर शनिवार-रविवारी तीनच असतील, तर ती ठरवून ठेवलेली कमतरता आहे. बऱ्याच ठिकाणी स्टोअर मॅनेजरला विक्रीच्या प्रमाणात पगाराचा खर्च बांधून दिलेला असतो, आणि तो आकडा गाठायला माणसं कमी केली जातात. अशा वेळी मॅनेजरशी भांडून काही हाती लागत नाही. कागद त्याच्या वरच्या माणसापर्यंत जायला हवा.

ब्रेकला रॉस्टरवर जागा द्या

"जमेल तसा घे" असा ब्रेक कधीच जमत नाही. कॅश आणि बार जसे नावानिशी लिहितो, तसा ब्रेकही नाव आणि वेळ घालून रॉस्टरवर लिहायचा, आणि शेजारी त्या अर्ध्या तासात ती जागा कोण बघणार त्याचं नाव. हे शेजारचं नाव सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर माणूस मागे जाऊन डबा उघडतो आणि दोन घासांत परत हाक येते.

वेळ गर्दी पाहून ठरवा. सात वाजता ओपनिंगला आलेल्याचा ब्रेक बाराला लिहिलात तर रविवारी तो बुडणारच. त्याला नऊच्या आत पाठवा. उपाशीपोटी आलेला असतो, त्यामुळे तो घेतोही. पण मग पुढची सलग वेळ लांबते, म्हणून गर्दी ओसरल्यावर, साडेबाराच्या सुमाराला, त्याला पंधरा मिनिटं आणखी द्या. तिघांचीच शिफ्ट असेल तर ब्रेकच्या वेळेपुरतं एक काम बंद ठेवा. डिलिव्हरी अ‍ॅपवर ऑर्डर थोपवायची किंवा तयारीची वेळ वाढवायची सोय असते, ती वापरा. मॅनेजरची परवानगी एकदाच, लेखी घेऊन ठेवा. अर्धा तास मिक्सरवरची थंड पेयं बंद ठेवली तरी गिऱ्हाईक समजून घेतं, फक्त कॅशवरच्याने ते आधी सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट, खास मुलींसाठी. बारवरून हलता येत नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पुढे लघवीला जळजळ, ताप, आणि त्यासाठी बिनपगारी रजा. बाथरूमला जाणं म्हणजे ब्रेक नव्हे, ते ब्रेकमधून कापू देऊ नका. पाण्याची बाटली मशीनच्या बाजूला, डोळ्यासमोर ठेवा.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा, आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम असं लिहिलं होतं. सप्टेंबर 2025मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पाचाचे सहा तास, नऊचे दहा तास आणि किमान दहाऐवजी किमान वीस कामगारांच्या आस्थापनांना हा कायदा लागू करण्याचा निर्णय घेतला. आता "कायदा बदलला" हे वाक्य तुमच्या कानावर येईल. पण अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याचे 48 तास आणि दुप्पट ओव्हरटाइम त्या बदलात गेलेले नाहीत. कॅफे लहान असेल तर नेमणूकपत्रात ब्रेक आणि तासांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. नेमणूकपत्र हातात नसेल तर ते मागणं हे पहिलं काम.

वही ठेवा

फोनमध्ये ठेवा किंवा छोट्या डायरीत, पण त्याच दिवशी लिहा. अशी:

"शनिवार. ओपनिंग 7. रॉस्टरवर 4, हजर 3. 9:45 ते 1:30 बारवर एकटी. ब्रेक ठरला होता 11:30, मिळाला 2:10, 12 मिनिटं. दुधाचे 4 बॉक्स वर आणले. उजव्या मनगटाला अंगठ्याच्या बाजूने कळ, पोर्टाफिल्टर लॉक करताना. सुटले 4:50, पंच 4:00चं."

(पोर्टाफिल्टर म्हणजे कॉफीची पावडर भरून मशीनला अडकवायचं हँडल.) शेवटची ओळ नीट वाचा. पंच, म्हणजे सुटण्याची हजेरी, आधी मारायला लावून मग क्लोजिंगची साफसफाई करून घेणं सर्रास चालतं. सुटण्याची खरी वेळ लिहिली नाही तर ओव्हरटाइम मागायला आधारच उरत नाही. रॉस्टरचा फोटो आठवड्याच्या सुरुवातीला काढा. मधे बदललं तर पुन्हा काढा.

ब्रेक बुडत असेल तेव्हा शिफ्टच्या ग्रुपवर एक साधा मेसेज टाका. मुलांना मी हाच मेसेज पाठ करायला लावते: "सर, 7ला पंच केलंय, 12 वाजत आलेत, ब्रेक झालेला नाही. 12:15ला अर्धा तास ब्रेकला जाते. तोवर बारवर कोण येतंय ते कळवा." यात तक्रार नाही, आवाज चढवणं नाही, आणि वेळ आपोआप नोंदली जाते. उत्तर आलं नाही तरी मेसेज राहतो.

हात, पाठ, पाय

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण ट्रेनिंगमध्ये कॉफीची चव शिकवतात आणि शरीराला दोन मिनिटंही देत नाहीत.

टॅम्पिंग, म्हणजे टॅम्परने कॉफीची पावडर दाबणं, करताना कोपर काटकोनात आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ. टॅम्परची मूठ तळहातात बसवा, अंगठा आणि तर्जनी खाली कडेला टेकवा म्हणजे पातळी कळते. दाब खांद्यातून आणि अंगाच्या वजनाने येऊ द्या, त्यासाठी काउंटरकडे अर्धवट वळून एक पाय पुढे ठेवा. पावडर एकदा पूर्ण दबली की जास्त जोर लावून कॉफी सुधारत नाही. ती सपाट बसली आहे का, तेवढं बघायचं. बुटक्या मुलींना काउंटर उंच पडतो, मग मनगट मागे मुडपतं. त्यांच्यासाठी पायाखाली न सरकणारा, रुंद पाट हवा. तो मागून घ्या. लाजू नका.

पोर्टाफिल्टर लॉक करायला जोर लागत असेल तर दोष तुमच्या ताकदीचा नाही. मशीनच्या ज्या तोंडाला पोर्टाफिल्टर अडकतो, त्या ग्रुपमधला रबरी गॅस्केट कडक झालेला असतो. हँडल नेहमीच्या जागेपर्यंत सहज येत नाही, कडेने पाणी झिरपतं, आणि प्रत्येक शॉटला मनगट पिळलं जातं. गॅस्केट हा मशीनच्या मानाने फार स्वस्त भाग आहे. मशीनवाल्याला बोलावून बदलून घ्यायला सांगा, आणि कधी सांगितलं तेही वहीत लिहा. एवढ्या एका दुरुस्तीने हाताला आराम पडलेली मुलं मी पाहिली आहेत.

दूध तापवताना एका कपासाठी लहान जग (दुधाचं चोचीचं भांडं) घ्या. मोठ्या जगात थोडंसं दूध घेऊन तो अंगठ्यावर तोलून धरणं हाताला सगळ्यात वाईट. जग चोचीच्या मुळाच्या वर भरू नका. नॉक बॉक्सवर (वापरलेली पावडर झाडायच्या डब्यावर) पोर्टाफिल्टर आपटताना मनगटाने झटका देऊ नका, सगळा हात कोपरातून खाली आणा. आणि शक्य असेल तिथे दर दीड-दोन तासांनी बार आणि कॅश अदलाबदल करा. जो बारवर चांगला त्याला दिवसभर तिथेच उभं करायची सवय बहुतेक मॅनेजरना असते. त्याची किंमत त्या चांगल्या माणसाच्या हाताला मोजावी लागते.

एक लिटरच्या बारा पॅकचा दुधाचा बॉक्स बारा किलोहून जास्त भरतो. तो जमिनीवर किंवा डोक्याच्या वरच्या फळीवर ठेवायचा नाही, गुडघा आणि छाती यांच्या मधे जागा करा. जिन्यावरून आणायचा असेल तर बॉक्स फोडून सहा-सहा पॅक आणा. बर्फाची बादली अर्धीच भरा. पायाखाली रबरी मॅट हवी, ती फाटली असेल तर नवी मागा. केरळने 2018मध्ये आणि तमिळनाडूने 2021मध्ये दुकानातल्या कामगारांच्या बसण्याच्या सोयीसाठी आपापल्या कायद्यात बदल केला. आपल्या कॅफेतही गर्दी नसताना काउंटरमागच्या स्टुलावर बसू द्यावं, ही मागणी त्यामुळे मुळीच अवास्तव ठरत नाही.

डॉक्टरकडे कधी

घरी करून पाहण्यासारखी एक चाचणी आहे. अंगठा मुठीत घ्या, वर बोटं मिटा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी सणकन कळ आली तर तिथल्या शिरांना सूज असण्याची शक्यता आहे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, किंवा हातातून कप निसटत असेल, तर वाट पाहू नका. बाम चोळून आणि पट्टा बांधून पुन्हा डबल शिफ्ट करणं म्हणजे दुखणं वाढवणं. डॉक्टरांना "हात दुखतो" एवढंच सांगू नका. दिवसातून किती वेळा दाब देता, किती तास उभे असता, काय उचलता, हे सांगा आणि ते केसपेपरवर लिहायला लावा.

पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि कॅफे ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) बसत असेल, तर पगारस्लिपवर 0.75 टक्के कपात दिसायला हवी. मालकाचे 3.25 टक्के वेगळे असतात. कपात दिसते पण विमा क्रमांक दिला नाही, असं असेल तर आजच मागा. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान 78 दिवस भरलेले असतील तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के रक्कम, वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते. ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला त्यासाठी लागतो. दुखणं कामामुळेच झालं हे इथे सिद्ध करावं लागत नाही, म्हणून मनगटाच्या दुखण्यात हाच रस्ता आधी धरावा. पुण्यात बिबवेवाडी आणि चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयची रुग्णालयं आहेत. वाफेने भाजणं, ओल्या फरशीवर घसरणं हा मात्र कामावरचा अपघात. तो त्याच दिवशी लेखी कळवा, कारण त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ जास्त, पगाराच्या 90 टक्के असतो.

वर कळवताना

एकट्याने जाऊ नका. एकाने ब्रेक मागितला की त्याला कामचुकार ठरवतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या वाट्याला सगळ्या क्लोजिंग येतात. तिघा-चौघांच्या वह्या एकत्र करा. एकाच पानावर महिन्याचा तक्ता काढा: तारीख, रॉस्टरवर किती, हजर किती, ब्रेक किती मिनिटं. खाली नेमकी मागणी लिहा, उदाहरणार्थ शनिवार-रविवार चौथा माणूस, ब्रेकची वेळ रॉस्टरवर, गॅस्केट आणि मॅट बदलणं. सगळ्यांच्या सह्या. ईमेल एरिया मॅनेजर आणि एचआर दोघांना. तुम्ही एजन्सीमार्फत असाल तर एजन्सीलाही.

कॉफीच्या धंद्यात कामगारांनी एकत्र येणं आपल्याकडे नवीन नाही. सरकारी कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउस बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी 1957पासून सहकारी संस्था काढल्या आणि तीच कॉफी हाउस स्वतः चालवली. तुम्हाला तर फक्त अर्धा तास आणि एक माणूस मागायचा आहे.

ईमेलला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्तालयाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज द्या. वही, रॉस्टरचे फोटो, मेसेजचे स्क्रीनशॉट, पगारस्लिपा आणि केसपेपर यांच्या प्रती जोडा, मूळ कागद स्वतःकडे ठेवा. अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.