ओपन सोर्स आहे म्हणून निर्धास्त राहू नका. या चुका टाळा

सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे, म्हणजे सॉफ्टवेअर आपली माहिती बाहेर पाठवत नसणार, हा समज इतका पक्का असतो की सेटिंग्ज उघडून पाहण्याची तसदीही फारसे कोणी घेत नाही. वास्तविक ओपन सोर्स परवाना कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा हक्क देतो. माहिती गोळा करण्याला तो आडकाठी करत नाही. 2012 साली आलेल्या उबुंटू 12.10 या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये स्वतःच्या संगणकावरील फाइल शोधण्यासाठी टाइप केलेले शब्दसुद्धा ॲमेझॉनवरील वस्तू सुचवण्यासाठी उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरकडे जात असत, आणि ही सोय आधीपासूनच चालू ठेवलेली होती.

सर्वाधिक फसगत होते ती खुला कोड आणि तयार प्रोग्रॅम एकच मानल्यामुळे. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाचा गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील कोड एमआयटी या खुल्या परवान्याखाली आहे. मात्र मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून आपण डाउनलोड करतो ती प्रत कंपनीच्या वेगळ्या परवान्याखाली येते आणि तिच्यात टेलिमेट्री (वापराची माहिती आपोआप बाहेर पाठवणे) सुरुवातीपासून चालू असते. सेटिंग्जमध्ये ‘टेलिमेट्री लेव्हल’ शोधून ती ‘ऑफ’ करावी, किंवा त्याच कोडपासून टेलिमेट्री बंद ठेवून तयार केलेले व्हीएसकोडियम वापरावे. एवढ्याने काम संपत नाही, कारण एक्स्टेन्शन्स (वरून जोडलेल्या जादा सोयी) आपल्या वापराची माहिती स्वतंत्रपणे पाठवू शकतात आणि त्यांतील प्रत्येक एक्स्टेन्शन हे सेटिंग पाळेलच अशी खात्री नसते. म्हणून प्रत्येकाची माहिती वाचून, नको असलेली काढून टाकलेली बरी.

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चालणाऱ्या साधनांबाबत वेगळीच चूक घडते. होमब्रू (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणारे साधन) किंवा डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅमिंग संच) यांची टेलिमेट्री बंद करणारे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम वाचतात ते ठरावीक नावाचे मूल्य) अनेक जण चालू टर्मिनलमध्ये एकदा लिहितात. ती खिडकी बंद होताच त्याचा परिणामही संपतो. ते शेलच्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सुरू होताना दर वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्येच लिहायला हवे, आणि कंटेनर (प्रोग्रॅम चालवण्याचे वेगळे बंदिस्त वातावरण) किंवा बिल्ड सर्व्हर (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणारा संगणक) वापरत असल्यास तिथेही वेगळे द्यायला हवे.

सगळे बंद केल्यावरही नेटवर्कवर हालचाल दिसली, तर लगेच संशय घेऊ नये. नवी आवृत्ती आली आहे का, याची विचारणा बहुधा टेलिमेट्रीपासून स्वतंत्र असते. तीही रागाच्या भरात बंद करून जुना ब्राउझर वापरत राहणे हा अधिक मोठा धोका आहे.

एकदा तपासलेली सेटिंग्ज कायमची तशीच राहतील, असेही धरून चालू नये. जुलै 2024 मधील फायरफॉक्स 128 मध्ये जाहिरातींच्या परिणामाचे मोजमाप करणारा नवा पर्याय वापरकर्त्याला न विचारता चालू करण्यात आला होता. माझ्या मते अशी कोणतीही नोंद आधी परवानगी घेऊनच व्हायला हवी. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल करताना पॅकेजांच्या (तीत बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) वापराची माहिती द्यायची का, हे स्पष्ट विचारले जाते आणि तिथे उत्तर आधीपासून ‘नाही’ असेच निवडलेले असते. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरने 2021 मध्ये टेलिमेट्रीचा प्रस्ताव मांडला, तेव्हा वापरकर्त्यांनी जाहीर हरकत घेतल्यावर तो मागे घेण्यात आला. त्यामुळे आक्षेपार्ह काही आढळल्यास केवळ सॉफ्टवेअर काढून न टाकता, प्रकल्पाच्या तक्रार-नोंदीत आवृत्ती आणि नेमके काय पाठवले जाते याचा तपशील देऊन हरकत जरूर नोंदवावी.